सादळलेला पापड आणि चार हजार हर्ट्झ

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी माणसाला ठाम मतं ठेवता येतील अशा जागा फार कमी उरतात. ऑफिसात मत मॅनेजरचं, फ्लॅटच्या बाबतीत घरमालकाचं आणि लग्नाच्या बाबतीत अख्ख्या गावाचं. म्हणून मी माझी मतं तीनच गोष्टींसाठी राखून ठेवली आहेत : स्पीकर, कॉफी आणि खिचडी. या तिन्हींवर वाद घालायला शनिवारी दुपारी कुणीही यावं. कॉफी माझ्याकडून.

तर आधी मतं सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तोंडावर कसा आपटलो ते कळायला सोपं जाईल.

पहिलं मत : पैसे घालायचे तर स्पीकरवर आणि खोलीवर, वायरीवर एक पैसाही नाही. माझ्या हॉलमध्ये घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आहे. चार मीटर जायला, चार मीटर यायला, सगळा मिळून रेझिस्टन्स ०.०६ ओहमच्या आत. समोर स्पीकर बसलाय ८ ओहमचा. आता एवढ्याशा फरकासाठी कुणाला पंचवीस हजारांची वायर घ्यायची असेल तर घ्यावी बापडी. माझ्या ऑफिसातला एक मित्र तशी घेऊन आलाय आणि 'अरे, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं' म्हणतो. मी त्याला सांगितलं, खरोखरचा पडदा लाव खिडकीला, जास्त फरक पडेल. (पडतोही. उघडी काच आणि रिकाम्या भिंती यांच्यावरून आवाज नुसता टणाटण उड्या मारतो.)

दुसरं मत : डोळे उघडे ठेवून केलेली तुलना धरायची नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तेच स्पीकर, तेच ऐकणारे. एकदा स्पीकर पडद्याआड आणि एकदा समोर दिसतील असे ठेवले. मार्क जुळेनात! मोठे देखणे खोके डोळ्यांना दिसले की ते कानालाही आवडायला लागायचे. हे वाचल्यापासून मी दुकानात जाताना विनम्र होऊन जातो. निदान पहिली दहा मिनिटं तरी.

तिसरं मत : खोली हाच सगळ्यात मोठा स्पीकर असतो आणि आपण तो निवडलेला नसतो, बिल्डरने निवडलेला असतो. माझा वाकडचा हॉल दहा बाय बारा. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झला आवाज घुमतो, दहा फुटांच्या मध्ये ५६ ला. म्हणजे तबल्याच्या जोडीला पखवाज लागला की खर्ज एका कोपऱ्यात ढीग करून बसतो, आणि दोन पावलं पुढे येऊन बसलं की गायब. स्पीकर कोपऱ्यात सारले की अजूनच फुगतो. हे सगळं नीट मोजायचं म्हणून मी मोजमापाचा मायक्रोफोन घेतला, लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि शनिवार-रविवार ग्राफ काढत बसायला लागलो.

चौथं मत, मोठा खर्ज शेजाऱ्यांसाठी असतो, स्वतःसाठी आधी गळा नीट ऐकू यावा. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या रेकॉर्डिंगच्या गाड्यांमध्ये मावावा म्हणून एलएस३/५ए नावाचा एक चिमुकला स्पीकर बनवला होता. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा. खर्ज बेताचाच, पण माणसाचा आवाज असा की लोक अजून त्याच्या मागे आहेत. माझे त्या वंशातले नाहीत, पण विचार तोच. छोटे, दोन-वे, किंमत ६२ हजार. (ही किंमत आईला ३२ सांगितलेली आहे.)

कॉफीबद्दल थोडक्यात आटपतो, कारण कॉफीवर बोलणारे आता फार झालेत. चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, वाचून घ्यावं. मशीनआधी ग्राइंडर घ्यावा. पंधरा ग्रॅम कॉफीला दोनशे चाळीस ग्रॅम पाणी. आणि जायफळ घालून, साखर टाकून दुधात उकळलेलं जे काही आपल्या मराठी घरांत कॉफी म्हणून मिळतं, ते छान असतं, फक्त त्याला कॉफी म्हणू नये. असं माझं मत होतं. बाबा दर रविवारी सकाळी हीच कॉफी करायचे, इचलकरंजीला, आम्हा सगळ्यांसाठी. आठवड्यातून एवढाच एक पदार्थ त्यांच्या हातचा.

खिचडी मात्र महत्त्वाची. मुगाच्या डाळीची, पळीवाढी, वर तेल-लसणाची कडकडीत फोडणी, बाजूला खर्डा आणि भाजलेला उडदाचा पापड. पापडाशिवायच्या खिचडीला मी आजारी माणसाचं जेवण समजतो. ऑडिओच्या भाषेत सांगायचं तर खिचडी हा वूफर आहे आणि पापड हा ट्वीटर. नुसत्या वूफरवर कुणी गाणं ऐकतं का?

असो. झाली मतं. आता गोष्ट.

बाबा इचलकरंजीत जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जॉबर म्हणजे यंत्रमाग बंद पडला की तो दुरुस्त करून चालू करणारा माणूस. धोटा अडकला, पट्टा सुटला, टायमिंग चुकलं, बोलवा जॉबरला. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, आणि पुढे गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायला लागले. गावातल्या ज्या गल्लीतून जाल तिथे माग चालूच. मला बारावीपर्यंत खटक-खटक थांबली की झोपेतून जाग यायची, कारण त्याचा अर्थ लाईट गेली.

याच गावाचं दुसरं नाव गाण्यातलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य. बाबा काही शास्त्रीय शिकलेले नाहीत, पण गल्लीतल्या भजनी मंडळात तीस वर्षं गायले. मंडळाचा एक तंबोरा होता. मी चौथीत असताना त्याची जवारी काढायला बाबा मला घेऊन एसटीने मिरजेला गेले होते. तंबोरा मांडीवर आडवा, कंडक्टर म्हणतो याचं तिकीट काढा. मिरजेच्या कारागिराने घोडी घासली, मग तारेखाली एक सुती दोरा सरकवला, मागे-पुढे केला, आणि एका जागी तो आला मात्र, ती मुकी तार एकदम उजळली. एकाच तारेतून दहा तारा वाजायला लागल्या. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आली बघ जवारी." आज मी हे जे काही ग्राफ-बिफ काढत बसतो त्याचं मूळ त्या दोऱ्यात आहे.

२०२४ साली बाबांनी काम सोडलं आणि दिवाळीनंतर आई-बाबा माझ्याकडे राहायला आले. मी वाटच बघत होतो. पहिल्याच संध्याकाळी बाबांना बरोबर मधल्या खुर्चीवर बसवलं, दोन स्पीकर आणि खुर्ची असा समभुज त्रिकोण साधून. भीमसेनांचं रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला नुसते तंबोरे. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघतोय.

मिनिटभर ऐकून बाबा म्हणाले, "चांगलं आहे. पण तंबोऱ्याला जवारी न्हाई रे ह्यात."

मंडळी, मला काय वाटलं ते सांगता येत नाही. वीस हजार हर्ट्झपर्यंतचा ग्राफ मी स्वतः काढलेला, हवा तसा सरळ. मी ग्राफ दाखवला. बाबांनी मान डोलावली आणि बाल्कनीत जाऊन बसले. मी मनात म्हटलं, आयुष्यभर कर्ण्यावर भजनं ऐकलेल्या माणसाला काय कळणार! हो, मनात का होईना, म्हटलं. लपवत नाही.

त्या काळात घरात आणखी दोन वाद रोज चालू होते. पहिला पापडाचा. आई पापड भाजून ताटात ठेवायची, बाबा एक तुकडा मोडायचे आणि म्हणायचे, "सादळलाय." गावाकडून येणारं भडंग उघडलं की तेच, "सादळलंय." हे म्हणे गेली तीन वर्षं चाललेलं. आईने डबे बदलले, पापडवाली बदलली, पापड उन्हात घालून बघितले, शेवटी जेवायला बसल्यावर एकेक भाजून थेट ताटात टाकायला लागली. तरी सादळलेलाच. मी तोच पापड खायचो, चांगला कडकडीत. पण दोघांच्या मध्ये कोण पडणार?

दुसरा वाद दुधाचा. रविवारच्या कॉफीला बाबा दूध ठेवायचे आणि गॅससमोर पाठ करून पेपर वाचायचे. पूर्वी कधी उतू गेलं नव्हतं. आता दर रविवारी ओटा धुवायचं काम. आईचं म्हणणं, रिटायर झाल्यापासून यांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. एकदा मीही ओरडलो, "किती वेळा सांगायचं बाबा, तुम्ही ऐकतच नाही!" या वाक्याचा आता विचार केला की कसंतरी होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी स्पीकर जरा पुढे ओढून पुन्हा मोजमाप घेत होतो. यात काय करतात, तर २० हर्ट्झच्या घुमघुमाटापासून २०,००० हर्ट्झच्या शिट्टीपर्यंत एकच सलग चढत जाणारा सूर वाजवतात. माझा साधारण बावीस सेकंदांचा होता. आई स्वयंपाकघरात, बाबा सोफ्यावर पेपर वाचत. सूर चढत गेला, आईने आतून ओरडून सांगितलं, "अरे बंद कर ते किंचाळणं!" आणि त्याच क्षणी बाबांनी पेपरमधून डोकं वर काढून शांतपणे विचारलं, "झालं का तुझं?"

सूर चालूच होता.

मी स्क्रीनकडे बघितलं. तीन हजाराच्या जरा पुढे. इथून वीस हजारापर्यंत अजून पाच-सहा सेकंद जायचे होते. माझ्या कानात सुई टोचावी तसा आवाज, आई कान झाकून दारात उभी, आणि बाबा माझ्या उत्तराची वाट बघतायत.

मग मी एकेक सूर वेगळा वाजवून बघितला. "ऐकू आलं की हात वर करा." ५०० ला हात वर, १००० ला वर, २००० ला जरा वेळाने वर. ४००० ला बाबा नुसते माझ्याकडे बघत बसले. मी आवाज वाढवला. आई म्हणाली, "अहो, वाजतंय की!" बाबा म्हणाले, "कुठं?"

पुढच्या आठवड्यात कान तपासून घेतले. ऑडिओग्राम हा ग्राफ मी पहिल्यांदाच हातात धरला. फ्रिक्वेन्सी डावीकडून उजवीकडे, आमच्यासारखीच, पण डेसिबल उलटे, खाली जाईल तितकं वाईट. १००० पर्यंत बाबांची रेघ बऱ्यापैकी, मग उतार, आणि ४००० ला दोन्ही कानांत ६५ डेसिबलचा खड्डा. तपासणाऱ्या बाईंनी रेघ पूर्ण व्हायच्या आतच विचारलं, "कारखान्यात होतात का?"

हा खड्डा म्हणे सहीसारखा असतो. कानाची नळी मुळात तीन हजारांच्या आसपास घुमते, आणि मोठ्या आवाजात आतल्या केशपेशी तीन ते सहा हजारांच्या पट्ट्यात आधी मरतात. माणसात त्या परत उगवत नाहीत. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचा हिशेब असा : ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. मागाच्या शेडमध्ये आवाज शंभरीच्या आसपास असतो आणि बाबांची पाळी बारा तासांची. पैकी पावणेबारा तास वगैरे कुणी हिशेबात धरलेच नव्हते. कापसाचे बोळे? बाबा म्हणाले, "बोळं घालून माग काय दुखतंय ते कळतंय होय? कानानंच बघाय लागतंय."

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण एकेक करून सगळं उलगडायला लागलं. जवारी म्हणजे मूळ सुराच्या वरच्या हार्मोनिक्सची गर्दी. तिचा वरचा सगळा भाग बाबांच्या खड्ड्यात. 'जवारी नाही' हे त्यांचं मत नव्हतंच, ते रीडिंग होतं, आणि अगदी बरोबर होतं. दूध तापताना आधी जो बारीक सुस्कार येतो, त्याच्या भरवशावर ते पाठ करून उभे राहायचे. तो सुस्कार गेला.

आणि पापड! ऑक्सफर्डच्या मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांचा २००४ सालचा एक प्रयोग मला आठवला. लोकांना बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला. आवाज आणि त्यातल्या वरच्या फ्रिक्वेन्सी वाढवल्या की लोक म्हणायचे चिप्स ताजे, कुरकुरीत. कमी केल्या की तेच चिप्स शिळे आणि मऊ. या प्रयोगाला २००८ साली इग नोबेल मिळालं, ते विनोदी नोबेल. मी कॉलेजात असताना वाचून हसलो होतो. बाबांच्या तोंडात पापड मोडत होता, पण त्याचा कुरकुरीतपणा कानापर्यंत पोचत नव्हता. निदान माझा तरी तर्क असाच आहे.

सकाळी आईला हे समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग बराच वेळ काही बोलली नाही. पोळपाट धुऊन जागेवर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं माझे पापड चांगलेच होते."

मला सगळ्यात जास्त लागलं ते फोनचं. मी पुण्यात शिकायला आल्यापासून फोनवर बाबा तीनच वाक्यं बोलायचे. "हं. बरं आहेस नव्हं? आईला देतो." दहा वर्षं मी समजत होतो की बाबांना माझ्याशी बोलण्यासारखं काही नसतं. घरी गेलो की मात्र समोर बसून तासभर गप्पा मारणार. आता कळतं, स, श, फ, थ ही सगळी अक्षरं वरच्या फ्रिक्वेन्सीवर जगतात, आणि शेडमध्ये काम करणारी माणसं ओठ बघून बोलतात. मूळ मँचेस्टरच्या आजूबाजूला, लँकेशरच्या गिरण्यांमधल्या बायकांची तर ओठांची अशी एक भाषाच होती, मी-मॉइंग म्हणायचे तिला. फोनवर ओठ कुठून दिसणार? खोली मोजली, स्पीकर मोजले, पाण्याचं तापमान मोजलं, कॉफीचे ग्रॅम मोजले. मोजायचा राहिला तो समोर बसलेला माणूस.

कानाच्या मशीनला बाबा सरळ नाही म्हणाले. पैसे कशाला घालवायचे, आता किती दिवस राहिलेत, वगैरे. तेव्हा मी स्पीकरची खरी किंमत सांगून टाकली. आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ते जाऊ दे, पण मशीन आलं. पहिला आठवडा बाबा वैतागले. पेपरची घडी मोडली तरी कडाकड, प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज तर असह्य, नळ म्हणजे धबधबा. चौथ्या दिवशी जेवताना पापडाचा तुकडा तोंडात टाकला, चावायचे थांबले, पुन्हा एकदा चावून बघितलं आणि आईकडे न बघता म्हणाले, "आजचा बरा आहे." आईने दुसरा वाढला. तोही नेमका उरलेल्या पाकिटातला.

रविवारचं दूध आता उतू जात नाही. फोनवर अजूनही आईलाच देतात, पण त्याआधी पाच-सात मिनिटं बोलतात. हल्ली ते महिना-दोन महिने इचलकरंजीला असतात, तेव्हा व्हिडिओ कॉल करतो.

गाण्याचं मात्र जमलेलं नाही. ही मशीन बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. सलग लांबलेला सूर आला की त्यांना वाटतं ही आपलीच शिट्टी आहे, आणि ती तो दाबायला जातात. तंबोऱ्याइतका सलग सूर दुसरा कुठला? बाबा म्हणाले, "तंबोरा खोकतोय." संगीतासाठी वेगळं सेटिंग करून आणलं, खोकला कमी झाला, पण जवारी काही आली नाही. मी स्पीकरच्या बाजूने तीन ते सहा हजारांचा पट्टा उचलून बघितला, तर आई खोलीतून उठून गेली आणि बाबांना नुसतं कर्कश लागलं. मेलेल्या पेशींपुढे ईक्यू चालत नाही.

मागच्या रविवारी बाबांनी कॉफी केली, जायफळ घालून. मी काही बोललो नाही, दोन कप प्यालो. मग त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं, मधल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लाव भीमसेन." तंबोरे सुरू झाले. मी बाजूला जमिनीवर बसलो होतो. थोड्या वेळाने बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा मोठ्यानेच विचारलं,

"लागलीय का रे जवारी?"

मी त्यांना ओठ दिसतील असा वळलो आणि म्हणालो, "लागलीय, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटले.